सुट्टीसाठी राखून ठेवलेलं दुखणं

कुवेतमध्ये राहणारे आपण लोक दुखणी राखून ठेवतो. दाढ किडली, तर जुलैमध्ये घरी गेल्यावर भरून घेऊ. चष्म्याचा नंबर वाढला, तर तोही तिकडेच. बायकोचा गुडघा, मुलांचे दात, स्वतःची शुगर, सगळं शाळेला सुट्टी लागून विमानात बसेपर्यंत थांबवायचं. इथे डॉक्टर नाहीत असं नाही, चांगले आहेत. पण तिथे आपला डॉक्टर असतो, आपल्या भाषेत बोलतो, आणि मुख्य म्हणजे त्याने काहीही सांगितलं तरी ते कंपनीच्या कानावर जात नाही.

मी रक्त राखून ठेवलं.

नोव्हेंबरात शौचाच्या वेळी पहिल्यांदा लाल दिसलं. पुन्हा दिसलं. मग दिसत राहिलं. मी पाणी सोडायचो आणि मनात म्हणायचो, जुलैमध्ये नाशिकला दाखवू. मी पन्नाशीला टेकलेला, डिप्लोमा झालेला, रोज पेपर वाचणारा माणूस. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

हे सगळं माझ्याआधी माझ्या मुलीने लिहिलं, मेडिकल कॉलेजच्या अर्जात. तिला एकच पान मिळालं होतं. तिच्या पानात न मावलेलं मी इथे लिहितो आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता काही राखून ठेवलं असेल, तर त्याच्यासाठी.

मूळव्याध

लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा मी इथे आलो, आणि तेव्हापासून मीना अब्दुल्ला या भागातल्या रिफायनरीत एका ठेकेदार कंपनीकडून शटडाउन प्लॅनरचं काम करत होतो. रिफायनरी काही वर्षांनी एकदा टप्प्याटप्प्याने बंद करून दुरुस्त करतात, त्याला शटडाउन म्हणतात. एरवी एखाद्या पाइपातून थेंब थेंब गळायला लागलं तर लगेच युनिट बंद करत नाहीत. वरून क्लॅम्प, म्हणजे लोखंडी पट्टा, आवळायचा, नोंद करायची आणि काम पुढच्या शटडाउनला ठेवायचं. काय थांबू शकतं आणि काय नाही, हे ठरवायचा मला पगार मिळत होता. अंदाज सहसा चुकत नसे. याचा मला थोडा गर्वही होता.

बायकोला, शैलाला, मी मूळव्याध असल्याचं सांगितलं. तिने लगेच सुरण शोधून आणला. कुवेतमध्ये सुरण रोज मिळत नाही. मिळेल तिथून ती आणायची आणि दर दोन दिवसांनी भाजी करायची. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर इक्बाल मुकादम राहतो. रत्नागिरीकडचा, आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. तो गावी जाऊन आला तेव्हा त्याच्याकडून मी मलम मागवलं.

"घे तुझं मलम," तो दारातच म्हणाला. "कस्टमवाल्याने विचारलं हे काय, मी सांगितलं तोंडाला लावायचं. तुझं तोंड पाहिलं असतंन, तर त्याला पटलं असतं."

मी खूप हसलो. मलम महिनाभर लावलं. रक्त येतच राहिलं आणि बेल्टला मला नवीन भोक पाडावं लागलं. शैला म्हणाली, "सुरणाने वजनही उतरलं बघा."

खरी भीती वेगळीच होती. बायको आणि मुलगी माझ्या इकाम्यावर, म्हणजे माझ्या राहण्याच्या परवान्यावर, कुवेतमध्ये होत्या. मृणाल त्या वर्षी बारावीला होती. कंपनीला मी आजारी दिसलो असतो आणि त्यांनी मला घरी पाठवलं असतं, तर तिघांचं सामान बांधावं लागलं असतं. तिची परीक्षा होऊ दे, मग बघू. हे कारण खरं होतं. पण त्याच्या आड मी लपलो होतो, हेही खरं आहे.

निदानाचा दिवस

मार्चअखेरीला, मृणालची परीक्षा संपली त्याच आठवड्यात, मी साइटवर लोखंडी जिना चढताना खाली बसलो. चक्कर म्हणावी तर तशी नाही. पाय माझे राहिले नाहीत, एवढंच. कंपनीच्या दवाखान्यातून सरकारी हॉस्पिटलात आणि तिथून तपासण्यांच्या रांगेत मी कसा गेलो, त्याचं तपशीलवार वर्णन करत नाही. शेवटी एका इजिप्शियन सर्जनसमोर शैला आणि मी बसलो होतो. त्यांनी 'कॅन्सर' हा शब्द अगदी साध्या आवाजात उच्चारला, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आहे असं सांगितलं आणि मग विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"नोव्हेंबरपासून."

"आणि तुम्ही आलात एप्रिलमध्ये. का?"

"मी जुलैमध्ये सुट्टीवर जाणार होतो," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मला इंग्रजी नीट समजलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर पुन्हा तेच दिलं. त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाले, "आणि त्या कॅन्सरला कुणी सांगितलं होतं का, जुलैपर्यंत थांब म्हणून?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये शैला रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सुरण."

"काय?"

"पाच महिने मी तुम्हाला सुरण खायला घालत होते. गावभर हिंडून आणत होते. आणि तुम्ही मागून मागून घेत होतात. 'छान झालाय' म्हणत होतात."

"छान व्हायचा," मी म्हणालो.

ती उठून पाण्याच्या मशिनपाशी जाऊन उभी राहिली. त्यानंतर आमच्या घरात सुरण आलेला नाही.

पिशवी

ऑपरेशन झालं. गुदद्वार काढून टाकलं आणि पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर आणून त्यावर पिशवी चिकटवली. कायमची. हे आधी समजावून सांगितलेलं होतं, मी सही केली होती. पण शुद्धीवर आल्यावर मी तिकडे पाहिलं नाही. पुढे कित्येक दिवस पाहिलं नाही. पिशवी बदलायची वेळ आली की मी छताकडे डोळे लावायचो.

आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर होती. हिंदीत बोलायची. माझं तोंड धरून वळवल्यासारखी म्हणायची, "अंकल, एक बार देखो तो. किसी और का नहीं है, आपका ही है." मग बदलता बदलता विचारायची, नाशिकला द्राक्षं खरंच इतकी स्वस्त असतात का. मी छताकडे बघत द्राक्षांचे भाव सांगायचो. भाव संपेपर्यंत काम झालेलं असायचं.

घरी जायच्या आधी घरच्यांनी हे शिकायचं होतं. शैलाने हातमोजे घातले, कात्री घेतली आणि ती तशीच बाहेर गेली. तिला ओकारी आली होती. मी तिला दोष देत नाही. पाच महिने मी तिच्याशी खोटं बोललो होतो, तिने पाच मिनिटांत सगळं पचवावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

मृणाल पुढे झाली. अठरा वर्षांची मुलगी. तिने सिस्टरला दोन प्रश्न विचारले आणि माझी पिशवी बदलली. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. माझ्याही नाही. घरी आल्यावरही ती बदलत राहिली, आणि आम्ही दोघं तसेच मुके राहिलो.

त्या दिवसांतल्या चांगल्या गोष्टीही सांगायला हव्यात. शेजारच्या कॉटवरचे कुवेती आजोबा रोज माझ्याकडे खजूर पाठवायचे, मला खायची परवानगी नव्हती तरी. इक्बालची बायको डब्यातून मऊ पेज पाठवायची आणि इक्बाल ती घेऊन येऊन बसायचा. तो काहीच विचारायचा नाही. मी त्याला 'आतड्याला गाठ होती, काढली' एवढंच सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द नाही, पिशवी तर नाहीच. शैलालाही बजावलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही कळता कामा नये.

पहिला अर्ज

मृणालला डॉक्टर व्हायचं होतं, चौथी-पाचवीपासून. शेजारच्या एका आखाती देशातल्या मेडिकल कॉलेजात तिला अर्ज करायचा होता. तिथे मार्कांबरोबर एक पानभर निवेदन मागत. तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय, ते स्वतःच्या शब्दांत. मुदत नेमकी माझ्या हॉस्पिटलच्या दिवसांत होती. माझ्या कॉटशेजारच्या खुर्चीवर बसून तिने ते लिहिलं आणि मला वाचायला दिलं. तिच्या इंग्रजीत कुठे काही चुकलं तर मी सुधारत असे, ही आमची जुनी पद्धत.

त्यात हॉस्पिटल होतं. मी होतो.

मी तो भाग खोडला. घरची गोष्ट घरात राहू दे, असं म्हणालो. त्या जागी मी माझ्या मनाने वाक्यं घातली. लहानपणापासून रुग्णांची सेवा करण्याचं माझं स्वप्न आहे. मानवतेसाठी काही करावं अशी माझी तळमळ आहे. त्या वेळी मला ती वाक्यं फार भारदस्त वाटली होती. मृणाल एवढंच म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट मी." मग माझ्या पोटाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने वाद घातला नाही.

ऑगस्टमध्ये नकार आला. मार्कांबद्दल तक्रार नव्हती. निवेदनातून उमेदवाराची ओळख पटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असा मजकूर होता. मृणालने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. शैला माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूमचं दार लावलं, आरशासमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा खाली पाहिलं. लाल, ओलसर, एखाद्या लहान फळाएवढं. एवढंच होतं. पिशवी मी स्वतः बदलली. वाकडी बसली, दुपारी गळली, शर्ट बदलावा लागला. संध्याकाळी पुन्हा बदलली. मुलीचं वर्ष मला परत देता येणार नव्हतं. पण या कामातून तिला मोकळं करणं माझ्या हातात होतं, आणि ते मी केलं. त्या दिवसापासून आजपर्यंत माझी पिशवी दुसऱ्या कुणी बदललेली नाही.

दुसरा अर्ज

केमोथेरपी संपली. जानेवारीत मी कामावर परतलो. कंपनीने ऑफिसातलं बसून करायचं काम दिलं. ज्या भीतीने मी पाच महिने गप्प बसलो होतो, ती प्रत्यक्षात आलीच नाही.

दुसऱ्या अर्जाची मुदत या वेळी लवकर, फेब्रुवारीच्या अखेरची होती. मृणालने नवं निवेदन लिहिलं आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "फक्त स्पेलिंग बघा," ती म्हणाली.

ते इंग्रजीत होतं. मला त्याचा बराचसा भाग पाठ आहे. मराठीत साधारण असं: 'पहिल्यांदा मी बाबांची पिशवी बदलली तेव्हा मला शिसारी आली. त्याहून जास्त त्यांचा राग आला, कारण त्यांनी पाच महिने आम्हाला सांगितलं नव्हतं. मी गप्प राहून काम केलं. सिस्टर तेच काम करताना त्यांच्याशी द्राक्षांबद्दल बोलायची. मला सेवेची आवड आहे की नाही, मला माहीत नाही. राग आणि शिसारी असतानाही समोरच्या माणसाशी बोलता कसं येतं, ते मला शिकायचं आहे.'

मी पेन उचललं, खाली ठेवलं. "हे पाठवू नकोस."

"का?"

"लोकांना कळेल."

"कुठल्या लोकांना? बाबा, ते प्रोफेसर आपल्या मंडळात हळदीकुंकवाला येणार आहेत का?"

स्वयंपाकघरातून शैला हसली. बऱ्याच महिन्यांनी.

मी म्हणालो, तुला राग आला होता हे तरी काढ. ती म्हणाली, ते काढलं तर उरतं काय? मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने विचारलं, "मला एकच सांगा. तुम्ही काय विचार करत होता? रोज ते दिसत असताना? मला खरंच समजत नाही."

मी तिला माझ्या भाषेत समजावलं. गळती, क्लॅम्प, पुढचं शटडाउन. काय थांबू शकतं, काय नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे बारीकशी गळती थांबू शकते."

"हो. नजर ठेवायची फक्त."

"आणि गळती वाढत चालली असेल, काय गळतंय ते कुणी तपासलेलंही नसेल, तर? ती तुम्ही शटडाउनला ठेवली असती?"

"छे! लगेच बंद करायला लावलं असतं. खाली माणसं काम करत असतात."

मी बोलून गेलो आणि मग माझंच वाक्य मला ऐकू आलं. शैला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, ओले हात तसेच. खाली काम करणारी माझी दोन माणसं.

तरीही मी पूर्ण वाकलो नाही. हे मान्य करायला लाज वाटते. "पाठव," मी म्हणालो. "पण 'माझे बाबा' लिहू नकोस. 'एक जवळचे नातेवाईक' लिही."

तिने कागद उचलला. "ओके," म्हणाली. त्या 'ओके'चा सूर मी ओळखत होतो. ऑगस्टमध्ये भांडी घासताना तिची पाठ तशीच दिसत होती.

खैरान

मुदत संपायच्या आधीच्या शुक्रवारी मंडळाची सहल होती. खैरानला समुद्रकाठचं एक शॅले, म्हणजे सुट्टीतलं घर, भाड्याने घेतलं होतं. माझ्या आजारानंतर आम्ही पहिल्यांदाच मंडळाच्या कार्यक्रमाला जात होतो. ढगळ शर्ट घालून मी गेलो. बायका आत भेळेची तयारी करत होत्या, पुरुष बाहेर शेगडीभोवती. थंड वारा होता. इक्बाल कोळसे फुलवत होता. पंख्याने वारा घालता घालता तो थांबला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. जळजळ. जिना चढलो की होते, ओझं उचललं की होते. गॅस असणार."

"इक्बालभाई, बिर्याणी कमी करा," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

"कमी केली तर बायको समजेल मी मेलो," इक्बाल म्हणाला. "जूनमध्ये जातोय ना रत्नागिरीला. तिकडे दाखवतो."

शेगडीभोवतीची सगळी डोकी हलली. हो, हो, तिकडेच दाखव. कुणाचा तरी मेहुणा तिकडे डॉक्टर होता. माझंही डोकं हललं असतं, सवयीने.

"जूनमध्ये नाही," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. आतल्या बायकाही बघायला लागल्या. "इक्बाल, तू मला मलम आणून दिलं होतंस. ती मूळव्याध नव्हती. कॅन्सर होता. मला माहीत नव्हतं, पण शंका होती, आणि मी तो जुलैसाठी राखून ठेवला होता. आता माझ्या पोटावर पिशवी आहे. शौच त्यातून होते, आयुष्यभर तशीच होणार." मी शर्टावरून हात ठेवून दाखवलं कुठे. "पाच महिने आधी गेलो असतो तर कदाचित टळलं असतं. कदाचित नसतंही. ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचं उत्तर शोधत मी रोज उठतो. तू जूनपर्यंत थांबणार नाहीस."

कोळसे तडतडत होते. इक्बालने पंखा खाली ठेवला.

"साल्या," तो हळूच म्हणाला. "आणि मी तोंडाला लावायचं म्हणून चेष्टा केली."

"लावलंही असतं. तेवढाच उपयोग झाला असता."

तो हसला नाही. "उद्या किती वाजता?" त्याने विचारलं.

"सकाळी. मी खाली येतो. काही खाऊ नकोस."

परत येताना मी गाडी चालवत होतो. शैला बाजूला, मृणाल मागे. आमच्या सबाह अल-सालेमची वळणं आली तेव्हा मी आरशातून मागे पाहिलं.

"मृणाल, ते 'नातेवाईक' काढून टाक. 'माझे बाबा' लिही."

"मी ते बदललंच नव्हतं," ती म्हणाली. "रविवारी विचारणार होते पुन्हा."

"नाही म्हणालो असतो तर?"

"मग सोमवारी विचारलं असतं."

जुलै

इक्बालच्या हृदयाच्या दोन नळ्या बऱ्याच तुंबलेल्या निघाल्या. त्या इथेच उघडल्या. तो अजून स्टोअरमध्ये आहे आणि फिकी बिर्याणी खावी लागते म्हणून मला शिव्या देतो. मंडळात कुणी 'सुट्टीत दाखवू' म्हणालं, की माझ्याकडे बघून जीभ चावतं. मला ते चालतं.

मृणालला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे एका प्रोफेसरांनी विचारलं, हे तुमच्या वडिलांना माहीत आहे का? तिने सांगितलं, "हो, स्पेलिंग त्यांनीच तपासलंय." तिला प्रवेश मिळाला. माझ्यामुळे तिचं वर्ष गेलं, ही बोच माझ्या मनातून गेलेली नाही. तिला ते आवडत नाही. "बाबा, पहिल्या अर्जात तुमची वाक्यं मीच उतरवून घेतली होती," ती म्हणते. "नाही म्हणता आलं असतं मला." ती वाद घालते, मी ऐकतो. दोघांचंही मत बदलत नाही.

नुकतंच अंगावर पिशवी घेऊन घरी आलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. खाली बघा. लवकर बघा. बघितल्यावर ती लहान होते.

गेल्या आठवड्यात मृणालचा फोन आला. परीक्षा संपल्या, बरं चाललंय वगैरे. मग तिने विचारलं, "तुमचा आवाज असा का येतोय?"

"काही नाही गं. डावीकडची दाढ ठणकतेय. जुलैमध्ये नाशिकला गेलो की…"

पलीकडे एकदम शांतता. लाइन तुटली की काय, असं वाटावं इतकी.

"…जाणारच आहोत, पण मी उद्या संध्याकाळची वेळ घेतली आहे इथे," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच."

फोन ठेवला आणि ते खरं करण्यासाठी मी लगेच दाताच्या डॉक्टरांचा नंबर फिरवला.